चारचौघांत परतताना

सैनिक सेवेतून मुक्त झाला, त्यास कोठे तरी नोकरी लागली, की त्याचे पुनर्वसन झाले असे मानण्याची बहुतेक सरकारांची रीत आहे. नोंदवहीत त्याच्या नावापुढे खूण होते आणि प्रकरण बंद होते. पुष्कळांची खरी परीक्षा मात्र त्यानंतरच सुरू होते. गोळीबारात पाय न डगमगलेला माणूस कचेरीतील टेबलावरचा टेलिफोन वाजू लागला की घामाघूम होतो. मधल्या सुट्टीत सहकाऱ्यांबरोबर डबा उघडण्याचे टाळतो. साहेबाने सहज बोलावले तरी रात्रभर त्याच प्रसंगाची उजळणी करीत जागतो. आणि दोन-तीन महिन्यांत, कोणाशी भांडण नाही, तंटा नाही, असा एके दिवशी कामावर यावयाचाच थांबतो. लोक म्हणतात, लष्करातल्या माणसाला शिस्तीची सवय, बाहेरचे काम त्याला रुचत नाही. या अभिप्रायात सहानुभूती असेल, समज नाही.

मानसोपचारशास्त्र या विकारास सामाजिक चिंताविकार म्हणते. आपल्या भाषेत ती चारचौघांची धास्ती. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने 1980 मध्ये आपल्या अधिकृत विकारसूचीत त्यास प्रथम स्वतंत्र स्थान दिले. लाजाळूपणा आणि हा विकार एक नव्हे. लाजाळू मनुष्य थोड्या वेळाने रुळतो. या विकारात आपण हास्यास्पद ठरणार, लोक आपले दोष मोजीत आहेत, ही भीती इतकी प्रबळ होते की माणूस प्रसंगच टाळू लागतो, आणि प्रत्येक टाळलेला प्रसंग पुढच्या प्रसंगाची भीती वाढवितो. सैनिकाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. लष्करात कोणी कोणास सलाम करावयाचा, कोणाशी कोणत्या शब्दांत बोलावयाचे, हे खांद्यावरच्या खुणांनी ठरलेले असते. नागरी कचेरीत खुणा नसतात, पण पायऱ्या असतात. त्या ओळखावयाच्या कशा, हे कोणी शिकवीत नाही. त्यात मुलाखतीला बसून स्वतःची थोरवी स्वतःच सांगावयाची! ज्या माणसाने वीस वर्षे ‘मी’ऐवजी ‘आमची कंपनी’ म्हटले, त्याला ही परीक्षा युद्धाहून अवघड वाटली तर नवल नाही.

अशा माणसास आपण काय सांगतो? अडचण असेल तर अमुक क्रमांकावर फोन करा. ज्याचा आजार अनोळखी माणसाशी बोलण्याची धास्ती हाच आहे, त्याच्या औषधाच्या कपाटाला आपण नेमके तेच कुलूप लावतो. आमची काही वर्षे शाळामास्तरकीत गेली. वर्गात उत्तर येत असूनही हात वर न करणारा एखादा मुलगा दर वर्षी असे. त्याला उभे केले की तो गोरामोरा होई. परंतु ‘वहीत लिहून ठेव, मी नंतर पाहीन’ म्हटले, की उत्तर अचूक मिळे. काही महिन्यांनी तोच मुलगा दोन वाक्ये बोलूही लागे. लिहिणे ही त्याची पळवाट नव्हती. बोलण्याकडे जाणारी ती त्याची पहिली पायरी होती.

अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याला ही गोष्ट उशिरा का होईना, पण कळली. त्या खात्याने 2007 मध्ये संकटग्रस्त माजी सैनिकांसाठी दूरध्वनीसेवा उघडली आणि 2011 मध्ये तिला मोबाइलवरील लिखित संदेशाची जोड दिली. पुढे ‘ॲनी’ नावाची दुसरी एक योजना आली. ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्यसेवेत फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या नावाने चाललेल्या संदेशसेवेचा तो अमेरिकन अवतार. पर्ल हार्बरवरील हल्ल्याच्या वेळी हिकम विमानतळावरील रुग्णालयाची मुख्य परिचारिका असलेल्या लेफ्टनंट ॲनी फॉक्स यांचे नाव तिला दिले आहे. रुग्णाच्या मोबाइलवर ठरल्या वेळी साधा संदेश येतो: औषध घेतले का, झोप कशी लागली, आज ठरविलेली गोष्ट केली का. तो दोन शब्दांत उत्तर देतो. महागडा फोन लागत नाही, कोणासमोर तोंड उघडावे लागत नाही, आणि उत्तर देण्यापूर्वी हवा तितका विचार करता येतो.

या कल्पनेचे मूळ मात्र मोबाइलपेक्षा बरेच जुने आहे. सॅन फ्रान्सिस्कोचे मनोविकारतज्ज्ञ जेरोम मोटो यांनी 1969 ते 1974 या काळात, आत्महत्येच्या विचाराने वा नैराश्याने रुग्णालयात आलेल्या परंतु पुढील उपचार नाकारणाऱ्या 843 रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला अधूनमधून चार ओळींचे पत्र जाई: आपली आठवण येते, आपण बरे असाल अशी आशा आहे. त्यात ना उपदेश, ना तपासणीला येण्याचा तगादा. पहिल्या दोन वर्षांत या गटातील आत्महत्यांचे प्रमाण दुसऱ्या गटापेक्षा स्पष्टपणे कमी राहिले. मोटो स्वतः दुसऱ्या महायुद्धात सैनिक होते. तेव्हा काहीही न मागता येत राहिलेल्या पत्रांचा आधार त्यांनी अनुभवला होता. हाच प्रयोग मोबाइलवर अमेरिकेच्या 658 सैनिकांवर झाला व त्याचे निष्कर्ष 2019 मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षभरात अवघे अकरा संदेश, त्यांतला एक वाढदिवसाचा. ज्या मुख्य कसोट्यांवर प्रयोग उभारला होता, त्यांवर फरक पडला नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. तथापि आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यांचे प्रमाण नेहमीच्या उपचारगटात शेकडा 15 होते, ते संदेश मिळालेल्यांत शेकडा 9 आढळले. अकरा संदेशांचा खर्च किती, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

म्हणून मोबाइल हाती दिला की माणूस सावरला, असा अर्थ कोणी काढू नये. यंत्राने पाठविलेल्या संदेशामागे मनुष्य नसेल, तर तो कर्जाच्या आणि विम्याच्या जाहिरातींत हरवून जाईल. निवृत्त जवानाचा मोबाइल त्या मजकुराने आधीच भरलेला असतो. शिवाय धास्ती टाळण्याला संदेश साह्य करू लागला, तर तो औषधाऐवजी व्यसन व्हावयाचा. आज एका सहकाऱ्याला एक प्रश्न विचारा, उद्या डबा सर्वांबरोबर खा, असा पायरीपायरीने माणसांत नेणारा संदेशच उपयोगाचा. त्याच्या बरोबरीने नोकरीच्या जागी पाठीशी उभा राहणारा मार्गदर्शकही हवा. मानसिक आघाताने पीडित अशा 541 माजी सैनिकांवर अमेरिकेतील बारा सरकारी रुग्णालयांत झालेल्या प्रयोगाचे फलित 2018 मध्ये प्रसिद्ध झाले. प्रत्यक्ष स्पर्धेच्या बाजारातील नोकरी शोधून देऊन नंतरही पाठपुरावा करणारा मार्गदर्शक ज्यांना लाभला, त्यांतील सुमारे शेकडा 39 जण स्थिर नोकरीत टिकले. ज्यांना तात्पुरती संरक्षित कामे दिली गेली, त्यांतील शेकडा 23. तो आजार वेगळा, हे खरे. परंतु नोकरी मिळवून देणे आणि नोकरीत टिकविणे ही दोन कामे आहेत, एवढे त्यावरून खचित दिसते.

हे सारे येथे लिहिण्याचे कारण आपल्या दारातले आहे. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ सेवा ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झाली. सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांसाठी तिचा खास कक्ष पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात 1 डिसेंबर 2023 रोजी, दोन वर्षांच्या प्रायोगिक मुदतीसाठी उघडला गेला. उपक्रम स्तुत्य होय. परंतु या सेवेचा पाया 14416 हा दूरध्वनी क्रमांक आहे. 2024 मध्ये काही राज्यांत तिला जोड मिळाली ती व्हिडिओवरील सल्ल्याची. म्हणजे ज्यास आवाज ऐकविण्याचा संकोच, त्याने आता तोंडही दाखवावे!

आणि वेळ फार नाही. अग्निपथ योजनेखाली 2022 च्या अखेरीस व 2023 च्या आरंभी दाखल झालेल्या पहिल्या तुकड्यांची चार वर्षे 2026 च्या अखेरीपासून पुरी होतात. योजनेच्या मूळ तरतुदीप्रमाणे त्यांपैकी कमाल चौथा हिस्सा सेवेत राहावयाचा. बाकीचे विशीतले तरुण सुमारे 11.71 लाख रुपये घेऊन घरी यावयाचे. त्यांना निवृत्तिवेतन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही आणि माजी सैनिकांच्या आरोग्ययोजनेचे कार्डही नाही. राखीव जागांची चर्चा पुष्कळ झाली. साताऱ्याच्या वा कोल्हापुरच्या एखाद्या गावी परतलेला असा पोरगा मुलाखतीच्या दारातून परत फिरला, तर त्याची विचारपूस कोणी करावयाची, याची चर्चा झाल्याचे आम्हांस आठवत नाही. त्याच्या सुटकेच्या कागदांबरोबरच त्याच्या संमतीने त्याचा क्रमांक पुण्याच्या कक्षाकडे जावा. पहिले वर्षभर त्यास मराठीत, अथवा त्याच्या भाषेत, नाव घेऊन संदेश जावेत. आणि त्याने रात्री दोन वाजता ‘उद्या जमणार नाही’ एवढे तीन शब्द लिहिले, तर सकाळी ते वाचणारा एक जबाबदार मनुष्य तेथे नेमलेला असावा. तो मजकूर नोकरी देणाऱ्याच्या हाती कधीही पडणार नाही, ही हमी त्याला पहिल्याच संदेशात लेखी मिळावयास हवी. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांनी या यादीत आपला एकेक माणूस जोडून द्यावा. त्यासाठी नवे महामंडळ नको आणि नवी इमारतही नको.