घाटमाथ्यावरचा बंगाल

खंडाळ्यात राहणाऱ्या माणसाने सिनेमाचा विषय काढला की समोरच्याला 'गुलाम'मधलं ते एकच गाणं आठवतं. १९९८ पासून आम्ही हे सोसतो आहोत. खरं तर या घाटमाथ्याचं सिनेमाशी त्याहून जुनं आणि त्याहून भारदस्त नातं आहे. गुरुदत्तची लोणावळ्याला शेती होती. 'साहिब बीबी और गुलाम'ची पटकथा लिहायची म्हणून त्याने मूळ कादंबरीचे लेखक बिमल मित्र यांना कोलकात्याहून बोलावलं आणि लिहायला बसवलं, तेही मुंबईच्या स्टुडिओत नव्हे, तर आमच्या या खंडाळा-लोणावळ्याच्या पट्ट्यात.

हे ऐकल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "हां, गुरुदत्त बंगालीच होता ना?"

नव्हता. घराणं चित्रापूर सारस्वतांचं, घरात कोकणी, आडनाव पदुकोण, जन्म बंगळूरचा, ९ जुलै १९२५चा. पण त्याला बंगाली समजणाऱ्यांना मी फार टोकत नाही. त्याचं बालपण कोलकात्यात भवानीपूर भागात गेलं. आई वासंतीबाई बंगाली कादंबऱ्या कानडीत आणायच्या. म्हणजे ज्या घरात बोलायची भाषा एक, लिहायची दुसरी आणि वाचायची तिसरी, अशा घरात हा मुलगा वाढला. पुढे लग्न केलं तेही गीता रॉयशी, फरीदपूरच्या जमीनदार घरातल्या मुलीशी, १९५३ साली. तिला नायिका करून 'गौरी' नावाचा बंगाली चित्रपटही त्याने सुरू केला होता. तो अर्ध्यातच राहिला. राहिला नसता तर 'बंगाली दिग्दर्शक आणि नट' ही ओळख त्याला अधिकृतपणे चिकटली असती.

मराठी माणसाने मात्र मधली काही वर्षं आपल्या खात्यावर मांडायला हरकत नाही. अल्मोड्याला उदय शंकर यांच्या केंद्रात नृत्य शिकून झाल्यावर गुरुदत्त १९४४ मध्ये पुण्याला आला, 'प्रभात'मध्ये, तीन वर्षांच्या करारावर. १९४५च्या 'लाखारानी'त त्याने छोटी भूमिका केली आणि दिग्दर्शकाचा सहायक म्हणूनही राबला. ते दिग्दर्शक म्हणजे 'रणांगण'चे विश्राम बेडेकर. मराठीतली एक अव्वल कादंबरी लिहिलेला माणूस सेटवर कसा वागतो, काय बघतो, हे विशीतल्या पोराला रोज दिसत होतं. त्यातून तो काय शिकला याचा पुरावा माझ्याकडे नाही, पण पुढे लेखकांना त्याने जो मान दिला तो बघता हा योगायोग मला महत्त्वाचा वाटतो. देव आनंदची गाठ पडली तीही 'प्रभात'मध्येच. दोघांचा धोबी एक आणि त्याने शर्टांची अदलाबदल केली, हा किस्सा सगळ्यांना पाठ आहे, म्हणून सोडून देतो.

१९४७ मध्ये करार संपला आणि स्वारी घाट उतरून मुंबईला गेली. काम नव्हतं. त्या बेकारीत त्याने 'कश्मकश' नावाची गोष्ट लिहिली. तिचाच दहा वर्षांनी 'प्यासा' झाला. मधल्या काळात 'बाज़ी', 'जाल', 'आर पार', 'मिस्टर अँड मिसेस ५५'. लोक विसरतात, पण तो आधी गल्ला भरणाऱ्या, चटपटीत, गाणी झकास टिपणाऱ्या चित्रपटांचा दिग्दर्शक होता. दुःखाचा मक्ता त्याच्याकडे नंतर आला.

१९५९चा 'कागज़ के फूल' आपटला. हा भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट. छायालेखक व्ही. के. मूर्तींचा त्यातला तो प्रकाशाचा झोत आजही शिकवला जातो. यानंतर दिग्दर्शक म्हणून गुरुदत्तने स्वतःचं नाव एकाही चित्रपटाला लावलं नाही. समीक्षक याच चित्रपटाला डोक्यावर घेतात. माझं मत वेगळं आहे. त्यात गुरुदत्त स्वतःच्या दुःखाच्या फार जवळ उभा आहे. 'साहिब बीबी'त तो दुसऱ्याच्या दुःखाकडे बघतो, आणि म्हणून तो चित्रपट मोठा.

'साहिब बीबी' हा सोपा मामला नव्हता. कादंबरी ऐसपैस, काळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा, जमीनदारीचा वाडा आतून पोखरत चाललेला. नवऱ्याने घरी थांबावं म्हणून दारू प्यायला लागणारी हिंदू घरातली सून १९६२च्या प्रेक्षकासमोर उभी करायची होती. उत्तम कुमारला घेऊन बंगालीत १९५६ मध्ये यावर चित्रपट होऊनही गेला होता. एखाद्या निर्मात्याने हक्क विकत घेऊन लेखकाला रामराम ठोकला असता. गुरुदत्तने लेखकालाच घाटावर आणलं आणि संवादलेखक अबरार अल्वींना त्याच्या शेजारी बसवलं. एक बंगालीत विचार करणारा, दुसरा उर्दूत. बाहेर आमचं सह्याद्रीचं धुकं, आणि कागदावर कोलकात्याचा वाडा! याच ओळखीतून बिमलबाबूंनी पुढे गुरुदत्तवर 'बिनिद्र' नावाचं पुस्तक लिहिलं. झोप न येणाऱ्या माणसाबद्दलचं आहे, एवढं नावातच आलं.

दिग्दर्शनाचं श्रेय अल्वींचं. फिल्मफेअरचं दिग्दर्शनाचं पारितोषिकही त्यांनाच मिळालं. तरी 'खरा दिग्दर्शक कोण' ही कुजबुज साठ वर्षं चालू आहे. गाणी गुरुदत्तने चित्रित केली, बाकी चित्रपट मी केला, असं अल्वी म्हणायचे आणि ते मला पटतं. त्या दारू पिणाऱ्या सुनेला, छोटी बहूला, पडद्यावर जेवढा निवांत वेळ मिळतो, तेवढा गुरुदत्तने स्वतःच्या नायिकांनाही क्वचित दिला. प्रेक्षकांना खटकलं म्हणून बग्गीतलं एक गाणं आणि छोटी बहू नायक भूतनाथच्या मांडीवर डोकं टेकते तो क्षण प्रदर्शनानंतर कापला गेला. शेवट गोड करण्याचा आग्रहही झाला. तो मात्र गुरुदत्तने मानला नाही.

१० ऑक्टोबर १९६४ ला तो गेला, एकोणचाळिसाव्या वर्षी. त्या रात्रीबद्दल ढिगाने लिहिलं गेलं आहे. त्याच्या शेतीबद्दल ओळभर सापडायची मारामार. मावळात शेती म्हणजे भात आणि चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. इथे हौसेने शेतात उतरणारा माणूस फक्त खिडकीत बसून सिगारेट ओढणारा कवी नसणार, एवढं आम्हा इथल्या लोकांना कळतं.

लोणावळा-खंडाळ्यातल्या जुन्या घरांत त्या काळचे फोटो, पत्रं, भाड्याच्या पावत्या अजून ट्रंकेत पडून असतील. दरवर्षी एखादा बंगला पाडला जातो आणि हे सगळं भंगारवाल्याकडे जातं. तुमच्याकडे गुरुदत्तच्या किंवा बिमल मित्रांच्या इथल्या मुक्कामाचा एखादा कागद असेल, आजी-आजोबांनी सांगितलेली आठवण असेल, तर या सदराच्या पत्त्यावर जरूर कळवा.