तारीख माहीत नसेल तर गप्प बसा

महाराष्ट्रातल्या जुन्या पिढीत १ जूनला जन्मलेल्यांची एवढी गर्दी का, हे इथे कुणाला सांगायला नको. पोराला शाळेत घालायला आलेल्या बापाला जन्मतारीख ठाऊक नसे, मग गुरुजी १ जून लिहून मोकळे होत. त्या गुरुजींना मी माफ करतो. रकाना रिकामा ठेवायची त्यांना सोय नव्हती. आजच्या डेटाबेसवाल्यांना ती आहे, तिचं नाव नल. तरीही हे बहाद्दर थापच मारतात, फक्त त्यांची थाप १ जानेवारी १९७० ची असते.

मूळ पाप मायएसक्यूएल या डेटाबेसचं. ‘००००-००-००’ ही तारीख त्याने वर्षानुवर्षं निमूट गिळली. वर्ष शून्य, महिना शून्य, दिवस शून्य! २०१५ साली स्थिर झालेल्या ५.७ आवृत्तीपासून तो आपणहून कडक वागू लागला, पण तोवर जुन्या टेबलांत हा कचरा साचला होता. हा डेटा पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये हलवायला घेतला की तो असली तारीख दारातच अडवतो. आयात थांबते, एरर येते आणि आमच्या लोकांची कलाकारी सुरू होते.

एक म्हणतो, ‘रिप्लेस मार, १९७० टाक.’ दुसरा रकानाच व्हारचार करून तारखेचा नुसता मजकूर करतो. एसक्यूएल सर्व्हरकडे जाणाऱ्यांना एवढेही कष्ट नकोत. तिथे डेटटाइमच्या रकान्यात रिकामी स्ट्रिंग ढकलली की १ जानेवारी १९०० आपोआप उमटते, एररसुद्धा येत नाही. सगळ्यांचं ध्येय एकच: शनिवारी रात्री कटओव्हर, सोमवारी बिल.

परिणाम भोगायला ही मंडळी थांबत नाहीत. नोकरी सोडल्याची तारीख शून्य होती, कारण माणूस अजून नोकरीतच होता. तिथे १९७० टाकलंत की तो जन्मण्याआधीच निवृत्त! शून्य तारीख निदान खोटी दिसते. १९७० खरी दिसते, प्रत्येक तपासणीतून सुटते, आणि त्या दिवशी खरोखर जन्मलेला माणूस खोट्यांच्या गर्दीत कायमचा हरवतो. चूक दुरुस्त करता येते. बनावट नोंद आधी सापडावी लागते.

‘पण रकाना नॉट नल आहे,’ हा युक्तिवाद मला ऐकवू नका. ते बंधन माणसानेच घातलंय, माणसाने काढावं. पीजीलोडर हे फुकटचं साधन मायएसक्यूएलमधून पोस्टग्रेसमध्ये नेताना शून्य तारखेचं नल करून देतं. साधनाला जे कळतं ते पगारी तज्ज्ञाला कळू नये?

अर्थात आंधळेपणाने नल भरणं हीही अर्धीच कामगिरी. तारीख माहीत नाही, की घटना अजून घडलेलीच नाही? हे प्रोग्रामरने ठरवायचं नसतं, ज्याचं दप्तर आहे त्याला विचारायचं असतं. मूळ मजकूर वेगळ्या रकान्यात जसाच्या तसा जपा, आणि किती ओळी बदलल्या याचा लेखी हिशेब द्या.

ज्यांचा डेटा असा हलवला जातोय, त्यांना एकच सांगणं. बिल चुकतं करण्याआधी विचारा: १ जानेवारी १९०० आणि १ जानेवारी १९७० या तारखांच्या ओळी आधी किती होत्या, आता किती आहेत? उत्तर मिळेपर्यंत पैसे देऊ नका.