या, बसा!

आपल्या घरी कोणी आले की पहिला शब्द ‘या’ आणि दुसरा ‘बसा’. मग पाण्याचे तांब्याभांडे. आणि ‘काय काम काढलेत?’ हा प्रश्न चहाचा पेला रिकामा झाल्यावर. हा क्रम आपल्याला कोणी शाळेत शिकविलेला नाही. परंतु आपण एखाद्या सार्वजनिक संस्थेच्या खुर्चीवर बसलो की हाच क्रम उलटा होतो. पहिला प्रश्न ‘काय पाहिजे?’, दुसरा ‘सभासद आहात का?’, आणि ‘बसा’ म्हणायचे राहूनच जाते.

हे मी दुसऱ्यांविषयी लिहीत नाही. बडोद्यातील एका जुन्या, लहानशा मराठी वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर मी काही वर्षे आहे. दोन वर्षांपूर्वी मे महिन्याच्या सुट्टीत मी तेथे हिशेबाची वही तपासीत बसलो होतो. एक आजी सहावी-सातवीतल्या नातीला घेऊन आल्या. आजी वर्तमानपत्राकडे वळल्या. मुलगी बालविभागाच्या कपाटापाशी गेली व काचेला नाक लावून आतली पुस्तके पाहू लागली. थोड्या वेळाने तिने विचारले, “हे उघडता येईल का?” मी वहीतून मान वर न करता म्हणालो, “आधी सूचीत नाव पाहा, क्रमांक चिठ्ठीवर लिही, मग शिपाई काढून देईल.” तिने सूचीची जाडजूड वही उघडली, दोन पाने उलटली आणि मिटली. आजी म्हणाल्या, “चल ग, पुन्हा येऊ.”

त्या पुन्हा आल्या नाहीत. ‘मुले वाचीत नाहीत’ हे वाक्य मी शाळेच्या व्यासपीठावरून तीस वर्षे उच्चारीत आलो आहे. त्या रात्री मात्र मला झोप लागेना. एक मूल वाचावयास आले होते. त्याला परत पाठविणारा मीच होतो.

याची खंत अधिक वाटावी असे आमचे गाव आहे. 1906 साली संपूर्ण संस्थानात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केल्यावर श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या ध्यानी आले की, वाचावयास काही मिळाले नाही तर शाळेत शिकलेले अक्षर पुसले जाते. म्हणून 1910 साली त्यांनी अमेरिकेतून विल्यम अ‍ॅलन्सन बॉर्डन या ग्रंथपालास बडोद्यास बोलाविले. मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले, त्यात महाराजांच्या खासगी संग्रहातील ग्रंथ आले आणि वाचकाला थेट फळीपर्यंत जाण्याची मुभा मिळाली. मुलांसाठी वेगळे दालन निघाले. लाकडी पेट्यांत पुस्तके भरून गावोगाव धाडली जाऊ लागली. आणि ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांच्यासाठी चित्रे व चलच्चित्रे दाखविण्याची व्यवस्था झाली. शंभरांहून अधिक वर्षांपूर्वी ज्या शहरात वाचकासाठी कपाट उघडले, त्याच शहरात मी एका मुलीला काचेबाहेर उभे ठेवले होते.

डॉ. शि. रा. रंगनाथन 1924 साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. त्यापूर्वी ते गणिताचे अध्यापक होते. ग्रंथालयशास्त्राची त्यांची पाच सूत्रे 1931 साली प्रसिद्ध झाली. त्यांचा आशय कोणत्याही गृहिणीस समजेल असा आहे: पुस्तके वापरण्यासाठी असतात, प्रत्येक वाचकासाठी कोठेतरी त्याचे पुस्तक असते, प्रत्येक पुस्तकासाठी त्याचा वाचक असतो, वाचकाचा वेळ वाचवावा, आणि ग्रंथालय ही वाढती गोष्ट आहे. आमच्या वाचनालयात मात्र पुस्तके जपण्यासाठी होती आणि वेळ वाचत होता तो शिपायाचा.

आलेल्याला थांबवावे कसे, हे शिकण्यासाठी मात्र मद्रासपर्यंत जावयास नको. आपले कीर्तनकार ते पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत. नारदीय कीर्तनाची रचना आठवा. प्रथम नमन, तोवर उशिरा येणारेही येऊन टेकतात. मग पूर्वरंगात एका अभंगाचे निरूपण. ते जड होऊ लागते तोच मध्ये नामाचा गजर, कीर्तनकारांना हार, सर्वांना बुक्का. श्रोत्यांनी पाय मोकळे करून घ्यावेत. आणि मग उत्तररंगातले आख्यान. पूर्वरंगात जे तत्त्व सांगितले, तेच येथे माणसांच्या रूपाने भेटते. एका गोष्टीचे बोट दुसरीच्या हाती दिलेले असते, म्हणून श्रोता उठत नाही. शेवटी आरती होते आणि बुवा सर्वांना घरी पाठवितात. ते श्रोत्याला रमवितात, अडकवून ठेवीत नाहीत. आज मुलांच्या हातातला मोबाईलही त्यांना थांबवितो. पण त्याला आरती नाही, तो ‘आता घरी जा’ असे कधी म्हणत नाही. आपल्याला थांबवायचे आहे ते बुवांप्रमाणे.

हे सारे मंडळाच्या बैठकीत मांडले तेव्हा कपाटाच्या कुलपावरून बराच वाद झाला. “पुस्तके जातील,” एक ज्येष्ठ सभासद म्हणाले. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. वर्षअखेरीच्या मोजणीत पाच पुस्तके कमी भरली. परंतु त्याच मोजणीत, कित्येक वर्षे न हललेली पुस्तके हातांनी मळलेली आढळली. न हरवलेले पण न वाचलेले पुस्तक हीदेखील हानीच आहे, एवढे मंडळाला पटले.

बाकीचे बदल साधेच होते. पंख्याखालची जागा कार्यालयाच्या टेबलाने अडविली होती. तेथे बाके आली. दाराशी एका मेजावर दहा पुस्तके मुखपृष्ठ दिसेल अशी मांडू लागलो; दर सोमवारी ती बदलतात. आत एक चिठ्ठी असते: ‘हे आवडले तर पुढे ते वाचा, तिसरे कपाट, दुसरी फळी.’ फास्टर फेणे संपविणाऱ्या मुलाला भा. रा. भागवतांनीच मराठीत आणलेल्या ज्यूल व्हर्नकडे नेता येते. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या आवडला, की त्यांचीच चिंगी शेजारी उभी असते. शनिवारी संध्याकाळी वीस मिनिटे मी मोठ्याने वाचतो, आणि उत्कंठेच्या जागी थांबून पुस्तक मेजावर ठेवून देतो.

आमची मुले शाळेत गुजरातीत शिकतात. त्या लिपीला शिरोरेखा नाही. देवनागरी त्यांना हिंदीच्या तासाला भेटते. म्हणून मराठी ती अडखळत वाचतात. ‘ळ’ मात्र गुजरातीतही असल्याने त्यांची जीभ तेथे अडत नाही. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या वाचकांना याचा हेवा वाटावा! अडखळणाऱ्या मुलाला आधी ऐकू द्यावे. कानाला गोडी लागली की डोळा मागोमाग येतो, असा माझा अनुभव आहे.

फार मोठे यश मिळाले, असे मी म्हणणार नाही. शनिवारी कधी बारा मुले असतात, कधी चार. पण चारातली दोन वाचन संपल्यावरही बाकावर बसून राहतात.

त्या मुलीचे काय? सभासदांच्या नोंदवहीत आजींचा पत्ता सापडला. कपाटे उघडल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी मी एक पुस्तक घेऊन त्यांच्या घरी गेलो. काय बोलावे याची मनाशी जुळवाजुळव करीत होतो. दार आजींनीच उघडले. मी कोण, कशासाठी आलो, हे काहीही न विचारता त्या म्हणाल्या, “या, बसा.”

मुलगी आतून पाणी घेऊन आली. मी पुस्तक तिच्या हाती दिले व म्हणालो, “बाळ, कपाट आता उघडे असते.” ती दर शनिवारी येत नाही. पण येते तेव्हा सूचीच्या वहीकडे न वळता सरळ फळीपाशी जाते.

वाचकहो, आपापल्या गावी आपण कोणत्या ना कोणत्या संस्थेचे दार सांभाळीत असाल. वाचनालय असेल, मंडळ असेल, गणेशोत्सव असेल. नवे लोक येत नाहीत, अशी तक्रार करण्यापूर्वी एकदा पाहावे: जे आले होते, त्यांना आपण बसावयास सांगितले होते का?