रंग मालकाचा, धूळ भाडेकरणीची

दिवाळीच्या आधी भोरमधल्या एका जुन्या वाड्यात भाडेकरू बायकांच्या बैठकीला गेले होते. मालकांनी रंगारी लावला होता. तो दाराखिडक्यांचा जुना ऑइलपेंट पॉलिश पेपरने कोरडाच घासत होता. हिरव्याखाली पिवळा, पिवळ्याखाली तपकिरी, असे कितीतरी हात निघत होते. खाली त्या भुकटीत एक वर्षाचं मूल रांगत होतं आणि बोटं चोखत होतं. त्याची आई वेल्ह्याकडच्या गावातून इथे खोली घेऊन राहिलेली, पुन्हा दिवस गेलेली. दिवसातून तीनदा तीच ती धूळ झाडत होती.

मी मालकांशी बोलले. ते म्हणाले, "ताई, आम्ही याच घरात वाढलो. आम्हाला काय झालं?"

जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं सर्रास असे. रंग लवकर वाळावा, पिवळा-केशरी खुलून दिसावा म्हणून ते घालत. गजांना लावायचा लाल प्रायमर तर अनेकदा शिशाचाच. मारुतीला लावायचा पारंपरिक शेंदूर म्हणजे तीच वस्तू. भिंतीवर घट्ट बसलेला रंग फारसा त्रास देत नाही. पोपडे सुटले किंवा कोरडं घासलं की त्याची धूळ होते आणि ती मुलांच्या पोटात जाते. मेंदूची वाढ खुंटते, शिकणं मागे पडतं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की शिशाचं कुठलंही प्रमाण सुरक्षित नाही. बाईच्या हाडांत साठलेलं शिसं गरोदरपणात रक्तात उतरतं आणि गर्भापर्यंत पोहोचतं. लोह आणि कॅल्शियम कमी असलं की शरीर ते जास्त शोषून घेतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आढळला, हे इथे आठवावं.

शिशाच्या कामापासून बायका-मुलांना जपावं अशी शिफारस आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1919 सालीच केली होती. कारखान्यातली बाई तेव्हा दिसली. घर झाडणारी बाई कुणाला दिसली नाही, कारण झाडणं हे काम कुठे धरतात!

आपल्याकडे नियम 2016 साली झाले आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाले. घरगुती रंगात दहा लाख भागांमागे 90 भागांपेक्षा जास्त शिसं नको. पण हा नियम रंग बनवणाऱ्याला आणि विकणाऱ्याला. आधीच भिंतीवर असलेल्या रंगाचं काय? त्या वाड्याच्या दारात शिसं किती, हे कुणी तपासलेलं नाही, आणि तपासायची जबाबदारी या नियमांनी मालकावर टाकलेली नाही. अमेरिकेत 1978 पूर्वीचं घर भाड्याने देताना शिशाच्या रंगाची माहिती भाडेकरूला द्यावीच लागते. न्यूयॉर्कच्या 2004 च्या कायद्याने जुन्या इमारतीत सहा वर्षांखालचं मूल राहत असेल तर मालकाने दरवर्षी पाहणी करायची आणि रंग स्वखर्चाने दुरुस्त करायचा.

आपला भाडे नियंत्रण कायदा, 1999 ज्या गावांना लागू आहे तिथे घर राहण्याजोगं ठेवणं हे मालकाचं कर्तव्य आहे. लेखी नोटीस देऊन पंधरा दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर भाडेकरू ती करून खर्च भाड्यातून कापू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. पण सुटलेला रंग ही दुरुस्ती की हौस, यावर मालक वाद घालणारच. आणि अकरा महिन्यांच्या करारावर किंवा नुसत्या तोंडी बोलीवर राहणाऱ्या एकट्या बाईने, परित्यक्तेने नोटीस द्यायची म्हणजे खोली पणाला लावायची.

मला भीती वाटते ती आपल्याच आरोग्य-शिबिरांची. ओल्या फडक्याने पुसा, मुलांचे हात धुवा, असं आपण बायकांना शिकवू आणि घरी येऊ. ते शिकवायलाच हवं, पण मग मालकाचं काम पुन्हा बाईच्याच अंगावर पडलं. आपली मागणी मालकाकडे हवी: पाणी मारून घासा, जाळून रंग काढू नका, त्या दिवसांत गरोदर बाई आणि मुलांची दुसरीकडे सोय करा, नवा रंग शिसेमुक्त असल्याचं डब्यावर दाखवा.

वाड्यातल्या सात जणींनी हे पत्र लिहून काढलं आहे. पाच सह्या झाल्या. दोघी म्हणतात, परीक्षा होईपर्यंत थांबा, मुलांना घेऊन आत्ता कुठे जाणार?