सब्र म्हणजे गप्प बसणं नव्हे!

"सब्र कर बेटा, अल्लाहची मर्जी."

नोकरी गेल्यावर हे वाक्य मी पन्नासेक वेळा तरी ऐकलं असेल. शुक्रवारच्या नमाजनंतर मशिदीच्या पायऱ्यांवर, चाचांच्या फोनवर, शेजारच्या खालांच्या दारात. दुसऱ्या बाजूला माझा जुना रूममेट. तो म्हणाला, "अरे नमाज कसली पढतोस, जावा पढ!" (विनोद बरा होता, मीही हसलो.)

तर मंडळी, माझं म्हणणं असं की हे दोघंही एकच चूक करतायत. सब्र म्हणजे हातावर हात ठेवून बसणं, असं चाचांना वाटतं म्हणून ते उपदेश करतात. मित्रालाही तेच वाटतं म्हणून तो हसतो. मुळात अरबीत या शब्दाचा अर्थ स्वतःला आवरून धरणं, कोसळू न देणं. आपली मराठी 'सबुरी' त्यातूनच आली. आता "जरा सबुरीनं घे" असं आपण म्हणतो, तेव्हा "काम सोडून दे" असं म्हणायचं असतं का? नाही ना?

याकूब पैगंबरांची गोष्ट घ्या. कुराणातली बारावी सूरा. लाडका मुलगा यूसुफ हरवला, तेव्हा हा बाप सुंदर सब्राची गोष्ट करतो. पण म्हणून दुःख गिळून बसत नाही. इतका झुरतो की डोळे पांढरे पडतात, दृष्टी जाते. आणि एवढी वर्षं उलटल्यावरही मुलांना काय सांगतो? जा, यूसुफचा आणि त्याच्या भावाचा शोध घ्या, आणि अल्लाहच्या दयेबद्दल निराश होऊ नका. शोध घ्या आणि आशा सोडू नका, दोन्ही एकाच आयतीत! आपण मात्र त्यातला शोध सोयीस्करपणे गाळून टाकला.

मला दिलेला उपदेश निदान निरुपद्रवी होता. माझ्या एका मावसबहिणीला सासरी मारहाण व्हायची, आणि तिलाही तीन वर्षं हेच ऐकवलं गेलं. सब्र कर. सांगणाऱ्यांपैकी एकानंही तिच्या नवऱ्याला जाब विचारला नाही. या लोकांनी अठ्ठावन्नावी सूरा कधी वाचली नसेल का? तिचं नावच अल-मुजादिला, म्हणजे वाद घालणारी. नवऱ्याची तक्रार घेऊन एक बाई थेट पैगंबरांकडे गेली, हटली नाही, आणि अल्लाहनं तिचं ऐकलं, अशी तिची सुरुवात आहे. तिला कुणी गप्प बसवलं नाही. दुसऱ्याला सब्र सांगणं फार स्वस्त असतं हो, आपल्या खिशातून काही जात नाही.

आता मित्राचा प्रश्न उरतो. धडपड करायचीच आहे तर श्रद्धा कशाला? प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर हाजराबीबींपाशी आहे. ओसाड दरीत तान्हं बाळ, पाणी संपलेलं. ती सफा आणि मरवा या टेकड्यांमध्ये सात फेऱ्या घालते. हज-उमऱ्याला जाणारे आजही त्या सात फेऱ्या घालतात, सगळं मिळून तीनेक किलोमीटर. पाणी मात्र टेकडीवर सापडलं नाही, सापडलं बाळापाशी. मग धावणं फुकट गेलं का? मला नाही वाटत. पहिल्या फेरीला अक्कल पुरते. चौथ्या-पाचव्या फेरीला, काहीच दिसत नसताना पाय उचलायला आणखी काहीतरी लागतं.

पाचव्या महिन्यात, अकरावा नकार आल्यावर मला ते लागलं. फजरला उठायचं, म्हणून दिवस सुरू व्हायचा. दिवस सुरू झाला की लॅपटॉप उघडायचा. एवढंच. चमत्कार वगैरे काही नाही. नोकरी आठव्या महिन्यात लागली, आधीपेक्षा कमी पगाराची. मावसबहीण आता माहेरी आहे, खुला मागितलाय, शिवणकाम करते. माझ्या हिशेबी सब्र तिनं केला, सांगणाऱ्यांनी नाही.

असो. एवढीच विनंती की यापुढे कुणाला "सब्र कर" म्हणायच्या आधी त्याचा सीव्ही चार ठिकाणी पाठवा, किंवा तिच्यासोबत वकिलाकडे जा. मग म्हणा.