खरेदीखतात नसलेली धूळ

कॅलिफोर्नियाच्या पूर्व सीमेवरच्या इन्यो काउंटीत दीड अहिल्यानगर जिल्हा मावेल. क्षेत्रफळ सुमारे २६ हजार चौरस किलोमीटर. २०२० च्या जनगणनेत वस्ती मात्र जेमतेम १९ हजार. एकीकडे ४,४२१ मीटर उंच माउंट व्हिटनी, दुसरीकडे समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली उतरलेलं डेथ व्हॅलीचं बॅडवॉटर. एवढ्या वैराण मुलखात वस्ती विरळ असणारच, असं कुणी म्हणेल. पण सिएरा नेवाडाचं बर्फ वितळून ज्या ओवेन्स खोऱ्यात उतरतं, तिथे पायुट लोक गोऱ्यांच्या आधीपासून पाट काढून रान भिजवत होते. त्यांना हुसकावून आलेल्यांनीही शेती, फळबागा आणि गुरांवरच गावं उभी केली. ती पुढे खुंटली, त्याचा दोष भूगोलाला देता येत नाही.

१९०५ च्या सुमारास लॉस एंजेलिसचे माजी महापौर फ्रेड ईटन यांनी खोऱ्यातल्या जमिनी, म्हणजे खरं तर त्यांच्याबरोबर येणारे पाण्याचे हक्क, मिळवायला सुरुवात केली. विल्यम मुलहोलंड यांनी बांधलेला सुमारे ३७५ किलोमीटरचा कालवा १९१३ मध्ये शहरापर्यंत वाहू लागला. शहर वाढलं तशी खरेदीही वाढली. १९२४ मध्ये संतापलेल्या रहिवाशांनी कालव्याचे दरवाजे ताब्यात घेऊन पाणी काही दिवस पुन्हा खोऱ्यात सोडलं. १९२७ मध्ये त्यांचे पुढारी वॉटरसन बंधू यांच्या बँका बुडाल्या. त्यात बंधूंची स्वतःची अफरातफरही होती. विरोध तिथेच मोडला.

भाव देऊन घेतलं, मग अन्याय कसला, हा यावरचा नेहमीचा सवाल. तो खोटा नाही, पण अपुरा आहे. एका पाटावरचे निम्मे शेतकरी विकून निघून गेले, की उरलेल्यांना तो पाट राखणं परवडत नाही. गिऱ्हाईक गेलं की दुकानदारही बसतो, आणि त्याच्या नावाचं खरेदीखत कधी होतच नाही. खोऱ्यातलं पाणी ज्यात जाऊन मिळे, त्या ओवेन्स सरोवराला तर विकणारा मालकच नव्हता. १९२६ पर्यंत ते आटलं आणि त्याच्या तळाची खारट धूळ वाऱ्याबरोबर गावांवर येऊ लागली.

शहराने जमीन घेतली म्हणूनच खोरं सिमेंटपासून वाचलं, असंही सांगतात. यात तथ्य आहे. आजची पर्यटनाची कमाई याच मोकळ्या देखाव्यावर चालते. १९३९ च्या ‘गुंगा दीन’ चित्रपटातला हिंदुस्थानचा सरहद्द प्रांतही इथल्याच खडकांत चित्रित झाला. पण काउंटीत खासगी मालकीची जमीन दोन टक्क्यांहून कमी आहे. बहुतेक सारी संघराज्य सरकारकडे आणि खोऱ्यातली बरीचशी लॉस एंजेलिसकडे. स्थानिकाने घर बांधायचं कुठे? जे राखलं गेलं, ते राखायचं की नाही हे इथल्या लोकांना कुणी विचारलंच नव्हतं. १९७० मध्ये दुसरा कालवा सुरू झाल्यावर १९७२ मध्ये काउंटी न्यायालयात गेली, तेव्हा कुठे खोऱ्यातल्या भूजलाच्या उपशावर बोलणी सुरू झाली. दीर्घकालीन करार व्हायला १९९१ उजाडलं.

राहिलेली किंमत आता शहरच मोजतं आहे. सरोवराची धूळ दाबण्यासाठी त्याने दोन अब्ज डॉलरहून अधिक खर्च केला आहे, आणि त्यातला एक उपाय म्हणजे त्याच कोरड्या तळावर पुन्हा पाणी पसरणं.