एका सत्रासाठी शिक्षण तुटू नये!

बोदवड तालुक्यातील आमची मुले-मुली एम.ए., एम.एस्सी.साठी भुसावळ-जळगावची वाट धरतात. एखादा विषय राहिला की शेवटचे सत्र लांबते. बँकेचा हप्ता मात्र ठरल्या तारखेला दारात उभा राहतो. शैक्षणिक कर्जाच्या आदर्श योजनेत परतफेड अभ्यासक्रम संपल्यावर एका वर्षाने सुरू होते. अभ्यासक्रम लांबला तर बँक मुदतवाढ देऊ शकते. पण ती मागावी लागते: लेखी, कॉलेजच्या दाखल्यासह, हप्ता सुरू होण्याआधी आणि पोच घेऊन. गप्प राहणारा थकबाकीदार ठरतो.

१९१७ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि बाबासाहेबांना लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. पण विद्यापीठाकडून त्यांनी चार वर्षांची सवलत मिळवली होती. १९२० साली सिडनहॅम कॉलेजच्या पगारातील शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज घेऊन ते परत गेले. १९२३ साली डी.एस्सी. झाले.

मुदत मिळाली म्हणूनच कर्जाचे सोने झाले. बँकांनी मुदतवाढीचा नियम कर्ज देतानाच मराठीत लेखी द्यावा, अशी आमची मागणी आहे. विद्यार्थ्यांनो, अर्ज करा, शिक्षण सोडू नका. जयभीम!